पोटाची इशारा पातळी

वाचकहो, मराठी घरांत पोटाविषयी बोलण्याचा संकोच नाही, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. सकाळच्या चहाबरोबर ‘पोट साफ झाले का?’ असे आजोबांना विचारणे आपल्याकडे शिष्टाचारात मोडते आणि कुणाचा कोठा जड, कुणाचा हलका, यावर पाहुण्यांसमोरही चर्चा रंगते. परंतु मळाचा आकार बदलला, रंग बदलला, त्यात बुळबुळीत आव दिसली आणि त्या धास्तीने रात्रीची झोप उडाली, हे सांगण्याची वेळ आली की सत्तरीचा माणूस गप्प होतो. माझे थोरले बंधू असेच गप्प राहिले होते. त्यांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग असल्याचे कळले तेव्हा उपचारांची वेळ टळून गेली होती. म्हणून या विषयावर मी आपणांशी आडपडदा न ठेवता बोलणार आहे. ज्यांना वाचताना अवघडल्यासारखे होईल त्यांनी क्षमा करावी.

गेल्या श्रावणात मला डायव्हर्टिक्युलायटिस झाला. नाव जिभेला जड असले तरी प्रकार समजायला अवघड नाही. मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जेथून शिरतात त्या जागा काहीशा दुबळ्या असतात. वयोमानानुसार तेथून आतले अस्तर बाहेर ढकलले जाते आणि वाटाण्याएवढ्या लहान लहान पिशव्या तयार होतात. सायकलच्या झिजलेल्या टायरमधून ट्यूबचा फुगा बाहेर यावा, तसे काहीसे. अशा पिशव्या असंख्य वृद्धांच्या पोटात असतात आणि बहुतेकांना त्यांचा जन्मभर पत्ताही लागत नाही. त्यांतील एखादीला सूज आली, जंतुसंसर्ग झाला, की मात्र ताप येतो आणि ओटीपोटात सतत दुखू लागते. पाश्चात्त्य देशांत ही दुखणी बहुधा डाव्या बाजूची असतात. आशियातील लोकांत उजव्या बाजूचे प्रमाणही बरेच आहे, त्यामुळे कधी कधी ॲपेंडिक्सचा संशय येतो. माझे डाव्या बाजूचे होते. सी. टी. स्कॅनमध्ये पू नाही, आतड्याला छिद्र नाही, असे दिसले. चार दिवस सलाईन आणि प्रतिजैविके घेऊन मी घरी आलो.

आजार संपला, असे सगळ्यांना वाटले. आपणांपैकी ज्यांनी हे दुखणे भोगले आहे त्यांना ठाऊक असेल की घरी आल्यावर एक निराळेच प्रकरण सुरू होते. पहिले पाच-सहा दिवस मला शौचाला झालेच नाही. मग झाले ते सुपारीसारखे खडे. त्यानंतर दोन दिवस पातळ, नंतर पेन्सिलीएवढी बारीक कांडी, एकदा आव, पुन्हा बद्धकोष्ठ. पोटात डावीकडे मधूनच कळ येई आणि निघून जाई. प्रत्येक बदलाचा मी एकच अर्थ लावी. पातळ झाले तर संसर्ग परतला. घट्ट झाले तर आतडे चिकटले. बारीक झाले तर भावाचे झाले तेच. हा शेवटचा विचार पहाटे तीनच्या सुमारास हटकून येई.

या सर्व बदलांना साधी कारणे होती आणि ती आपणांसही उपयोगी पडावीत म्हणून सांगतो. प्रतिजैविके वाईट जंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जंतूंनाही मारतात. त्यांची वस्ती पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात आणि तोवर मळ सैल राहू शकतो. सुरुवातीला पेज, मऊ भात, वरणाचे पाणी असे चोथा नसलेले अन्न दिले जाते. चोथाच नाही तर मळ बनणार कशाचा? अंथरुणावर पडून राहिल्याने आतड्याची चाल मंदावते. काही वेदनाशामक गोळ्यांनीही बद्धकोष्ठ होते. शिवाय सुजून बरी झालेली आतड्याची भिंत काही काळ हळवी राहते. एरवी ज्या वायूच्या सरकण्याची आपल्याला जाणीवही होत नाही, तोच आता कळ होऊन जाणवतो. आतड्याच्या स्नायूंनी आखडून घेतले की मळ बारीक होतो आणि आखडणे सुटले की पुन्हा नेहमीसारखा. थोडीशी आव तर निरोगी आतडेही वंगण म्हणून तयार करतच असते.

कारणे कळली म्हणजे भीती जाते, असे मात्र नाही. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस; नोंदवही ठेवणे हा हाडीमाशी खिळलेला स्वभाव. आजारपणातही मी एक वही घातली. वेळ, प्रमाण, रंग, आकार, कळ कुठे आली, किती मिनिटे टिकली. दिवसाला वीस-पंचवीस नोंदी होऊ लागल्या. शौचालयात विजेचा दिवा असताना मी बॅटरी नेऊ लागलो. बाहेर सौ. उभी असे. ‘अहो, झाली का? कशी झाली?’ तिच्या आवाजातला कंप मला दाराआडूनही कळे आणि मग माझ्या पोटात पुन्हा कालवाकालव होई.

एका सकाळी मळाचा रंग चक्क तांबडा दिसला. मला दरदरून घाम फुटला. मी भिंतीला धरून बाहेर आलो आणि सौ.ला म्हणालो, ‘रिक्षा बोलाव.’ तिने मला खुर्चीवर बसवले, पाणी दिले आणि क्षणभर विचार करून म्हणाली, ‘अहो, काल सूनबाईने बिटाची कोशिंबीर केली होती.’ वाचकहो, बीट मळाला आणि काहींच्या लघवीलाही तांबडा रंग देते. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळसर-हिरवा होतो, पालकाने हिरवा. आम्ही तरीही दवाखान्यात दूरध्वनी केला, कारण रक्ताची शंका असताना घरच्या घरी निकाल देणे बरे नव्हे. पुढच्या वेळी रंग नेहमीचा होता. आता आमच्याकडे ही गोष्ट चेष्टेने सांगितली जाते, परंतु त्या दिवशी कुणी हसले नव्हते.

भीतीचा आणि आतड्याचा संबंध काही माझ्यापुरता नाही. १८२२ साली अमेरिकेत एका तरुणाला बंदुकीची गोळी लागून त्याच्या पोटाला असे भोक पडले की ते पुढे बुजलेच नाही. विल्यम ब्यूमाँट नावाच्या लष्करी डॉक्टराने त्या भोकातून जठराचे काम वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले आणि १८३३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तो माणूस संतापला, चिडला की जठराचे अस्तर आणि पचन दोन्ही बदलतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे एक दाट जाळे असते आणि ते मेंदूशी सतत संवाद करीत असते, हे आज सर्वमान्य आहे. परीक्षेच्या दिवशी मुलाला दोनदा शौचाला जावे लागते, ते याच वाटेने. मग आठ-आठ तास पोटाकडे कान लावून बसलेल्या वृद्धाचे आतडे स्वस्थ कसे राहील? माझे जेवण कमी झाले. जेवण कमी झाले म्हणून वजन घटले. वजन घटले म्हणून कर्करोगाची शंका बळावली. शंका बळावली म्हणून जेवण आणखी कमी झाले. एका महिन्यात चार किलो. कृष्णाकाठी फिरायला जाणे बंद झाले, कारण वाटेत शौचालय कुठे आहे हा प्रश्न पाऊल उचलण्यापूर्वीच मनात येई.

आमचे डॉक्टर मूळचे सांगलीचेच. पुढच्या भेटीत मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे चाळली. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग म्हणाले, ‘काका, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी बघता ना?’

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्या गावात पावसाळाभर हाच बातमीचा विषय असतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले आणि निम्मे गाव पाण्याखाली आले, तेव्हापासून आकाश भरून आले की गावाच्या छातीत धस्स होते.

‘पाणी बावीस फुटांवरून चोवीस फुटांवर गेले म्हणून तुम्ही घरातले सामान माडीवर चढवता का?’ डॉक्टरांनी विचारले. ‘नदी आहे, ती चढणार आणि उतरणार. चाळीसला सावध व्हायचे, पंचेचाळीसला निघायचे. पोटाच्याही दोन पातळ्या ठरवून घेऊ. त्यांच्याखाली जे काही होईल ते नदीचे रोजचे वागणे समजायचे.’

त्यांनी माझ्याच वहीच्या पानावर त्या लिहून दिल्या. इशारा पातळी म्हणजे त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळवायचे. त्यात होते ते असे: दुखणे येऊन-जाऊन न राहता चोवीस तास एकाच जागी टिकून वाढत जाणे, दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे जुलाब, कारण प्रतिजैविकांनंतर एका विशिष्ट जंतूमुळे आतड्याला नव्याने सूज येऊ शकते आणि त्यासाठी मळाची तपासणी करावी लागते, पुरेसे खाऊनही वजन घटत राहणे, मळाचा आकार दोन-तीन आठवडे बारीकच राहणे, लघवीला जळजळ होणे किंवा लघवीतून हवेचे बुडबुडे येणे. हे शेवटचे क्वचितच घडते, पण घडले तर आतडे आणि मूत्राशय यांच्यामध्ये वाट पडल्याचे ते लक्षण असू शकते. धोका पातळी म्हणजे रात्र असो वा सण, निघायचे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर आणि सोबत वाढते दुखणे. पोट फळीसारखे ताठ होणे. पाणीही न ठरता उलट्या. पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद. गुठळ्यांसह किंवा बरेच रक्त जाणे. शौचाबरोबर घेरी येणे. डांबरासारखा काळा, चिकट मळ.

काळजीवाहू वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अतिवृद्ध माणसांत, मधुमेहींत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप चढेलच असे नाही, आणि दुखणेही सौम्य वाटू शकते. आजी अचानक जेवेनाशी झाली, भ्रमिष्टासारखे बोलू लागली, नेहमीपेक्षा फारच गळून गेली, तर तापमापकावर विसंबून थांबू नये.

वही डॉक्टरांनी बंद करायला लावली नाही. ‘रात्री जेवणानंतर एकदाच, चार ओळी,’ एवढीच अट घातली. सौ.लाही त्यांनी विचारले की तुम्हाला दिवसातून किती वेळा विचारावेसे वाटते. ती म्हणाली, ‘मला तर विचारल्यावाचून राहवतच नाही.’ दिराचे शेवटचे दिवस तिनेच काढले होते. तिच्या प्रश्नामागे काय होते ते मला त्या खोलीत पहिल्यांदा समजले. ठरले असे की सकाळी एकदा तिने विचारायचे, ‘काही सांगण्यासारखे आहे का?’ ‘कशी झाली?’ आणि ‘काही सांगण्यासारखे आहे का?’ या दोन प्रश्नांत किती अंतर आहे, हे रुग्ण झाल्यावाचून कळत नाही. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येते.

रोज सकाळी एकदा शौच झालेच पाहिजे, हा आपला पिढीजात आग्रहही त्या वेळी थोडा सैल झाला. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळे प्रमाण स्वाभाविक मानले जाते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झालेला मळाच्या सात प्रकारांचा एक तक्ता १९९७ पासून जगभरातील डॉक्टर वापरतात. त्यातील तिसरा आणि चौथा प्रकार उत्तम, पण निरोगी माणूसही अधूनमधून दुसऱ्यावर किंवा पाचव्यावर जातोच. चहा किंवा जेवण झाल्यावर आतडे आपोआप हालचाल करते, तेव्हा त्या वेळी दहा मिनिटे बसावे, पायाखाली छोटे पाटले घ्यावे, कुंथू नये आणि झाले नाही तर उठून कामाला लागावे.

आहाराचा विषय मोठा आहे आणि आमच्या शेजाऱ्यांनी तो आणखी मोठा केला. शेंगदाणे नकोत, तीळ नकोत, पेरू-टोमॅटो-वांगे नकोत, बी पिशवीत अडकेल! पूर्वी डॉक्टरही असे सांगत. परंतु २००८ साली अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांचा अठरा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शेंगदाण्यासारखे दाणे व मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांत हे दुखणे वाढलेले आढळले नाही, उलट किंचित कमीच दिसले. सूज ताजी असताना मऊ अन्न, हे खरेच. बरे झाल्यावर मात्र चोथा हवा. मी आठवड्याआठवड्याने वाढवत गेलो. मऊ भात, मूग डाळ आणि दुधी यांवरून पोळी, मग ज्वारीची भाकरी, मग शिजवलेली पालेभाजी आणि सर्वांत शेवटी उसळ. इसबगोल सुरुवातीला एकच चमचा, पेलाभर पाण्याबरोबर. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. चोथा वाढवला की पहिले काही दिवस वायू वाढतो, पोट गुरगुरते. हे आधी माहीत असले म्हणजे त्या गुरगुरण्याला आपण भलते नाव देत नाही.

गुडघेदुखीसाठी वृद्ध मंडळी सर्रास ज्या गोळ्या घेतात, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, त्यांच्यामुळे हे दुखणे व त्यातला रक्तस्राव यांचा धोका वाढतो. त्यांना पर्याय विचारून घ्यावा. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

राहिली दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. सूज ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती करतात, कारण स्कॅनमध्ये सूज आणि गाठ यांतला फरक नेहमीच उलगडतो असे नाही. ताज्या सुजेत ती सहसा टाळतात, आतड्याला इजा होण्याचा संभव असतो म्हणून. माझ्या बाबतीत बंधूंच्या इतिहासामुळे ती अधिकच आवश्यक होती. ते सात आठवडे मला सात वर्षांसारखे गेले. दोन पातळ्या वहीत लिहिलेल्या होत्या, पहाटे तीनचा विचार तरीही यायचा. फरक इतकाच की आता मी दिवा लावून ते पान वाचत असे, पातळी ओलांडलेली नाही असे पाहत असे आणि बहुतेकदा पुन्हा झोपत असे. ज्यांना एवढ्याने भागत नाही, ज्यांची झोप, जेवण, घराबाहेर पडणे आठवडेच्या आठवडे अडून राहते, त्यांनी ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. आजाराच्या धास्तीवर समुपदेशनाचे चांगले उपचार आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हे हृदयरोगतज्ज्ञाकडे जाण्याइतकेच साधे आहे.

तपासणीपेक्षा तिची पूर्वतयारी कठीण. आदल्या दिवशी पातळ पदार्थ आणि आतडे धुऊन काढणारे औषध, रात्रभर फेऱ्या. शौचालयाच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवावा, पायपुसणी काढून टाकावी, सोबतीला कुणी जागे असावे, कारण या रात्री वृद्ध माणसे घसरून पडतात. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे, ते आधीच लिहून घ्यावे.

आश्विनात, दसऱ्याच्या आधी, तपासणी झाली. जागा झालो तेव्हा सौ. शेजारी बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, पिशव्या आहेत, त्या राहणार, सूज गेली आहे, गाठ नाही. पिशवी फुटण्यासारखी मोठी गुंतागुंत बहुधा पहिल्याच वेळी होते आणि निम्म्याहून कितीतरी अधिक रुग्णांना दुखणे पुन्हा येत नाही, हेही त्यांनी सांगितले. सौ.ने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

आता माघ सुरू आहे. डावीकडची कळ महिन्यातून दोन-चारदा येते, विशेषतः बाहेरगावी जायचे असले की. घटलेल्या चार किलोंपैकी तीन परत आले. वहीतल्या नोंदी आठवड्याला एकीवर आल्या आहेत, परंतु दोन पातळ्यांचे ते पान फाडून आम्ही औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. त्याखाली सूनबाईने दवाखान्याचा क्रमांक, माझ्या गोळ्यांची यादी आणि स्कॅनची तारीख लिहिली आहे, कारण अडचणीच्या रात्री ते शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो. माझ्या दोन्ही पुतण्यांना मी दुर्बिणीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला लावले. थोरला जाऊन आला. धाकटा दिवाळीपासून ‘बघतो’ म्हणतो आहे. त्याच्याकडे या रविवारी सौ. स्वतः जाणार आहे.